जुळ्यांची सुईण

शिफेराव जिन्यावर दिसला की तिसऱ्या मजल्यावरची कॉफी गार पडायची. म्हणजे सुरईतली कॉफी कढतच असायची, गार पडायची ती बोलणी. कोपऱ्यात हिरवं गवत पसरून, कोळशाची शेगडी फुलवून बसलेली कॉफीवाली तेवढी त्याच्याकडे बघून मान हलवायची. बाकीचे कपात तोंड घालायचे. गडी पहिल्या धारेची कॉफी उभ्याउभ्या प्यायचा आणि चालू लागायचा. अदिस अबाबात एकाच पुडीवर काढलेल्या तीन धारा झाल्याबिगर कुणी कुणाला उठू देत नाही. वैऱ्यालासुद्धा दुसरी धार मिळते. शिफेरावला मात्र कधी कुणी "बसा की" म्हटलं नाही, आणि तोही कधी बसला नाही.

त्याची पाठ वळली की कुणीतरी हळूच विचारायचं, "गेली का रं जुळ्यांची सुईण?"

"गेली. तुझं पोट चाचपलं का न्हाई तिनं?"

"माझं कशाला चाचपंल? माझी सगळी एकुलती एक हायेत."

"हां, एकुलती एक. फक्त नाक शेजाऱ्यावर गेलंय."

मग हसणं उसळायचं. ते जिन्यात उतरणाऱ्या शिफेरावच्या कानावर पडायचं. त्याला राग येत नसे. पायरीवर पाय मात्र जरा जपून पडायचा.

गेर्जी भागातल्या शिफेरावच्या कंपनीनं इस्पितळांसाठी एक अजस्र सिस्टीम बांधली होती. रोग्याचं नाव लिहून घेण्यापासून त्याला कधी, कुठल्या खोलीत, कुठल्या यंत्राखाली घ्यायचं इथपर्यंत सगळं तीच बघायची. एका माणसानं एका बैठकीत लिहिलेली ती वस्तू नव्हे. वर्षानुवर्षं माणसं आली, लिहून गेली. आणि कोड लिहिणारा माणूस जात्याच आळशी. आधीच्यानं लिहिलेला तुकडा उचलायचा, आपल्याकडं डकवायचा, दोनचार नावं बदलायची आणि नवा सदरा घातल्यागत मिरवायचं. असं होता होता एकच तुकडा दहा ठिकाणी नांदायला लागतो. मग एका जागी चूक सापडते, ती दुरुस्त होते, आणि बाकीच्या नऊ जागी तीच चूक सुखानं संसार करत राहते. ही नऊ घरं हुडकायची, दहाचं मिळून एक करायचं, हे शिफेरावचं काम.

त्यासाठी त्यानं एक चाळणी बनवली होती. 'मेंता' म्हणायचा तो तिला, अम्हारिक बोलीत मेंता म्हणजे जुळं. तिची करामत अशी, की ती कोडातली नावं वाचायची नाही. कुठलंही नाव आलं की तिच्या लेखी ते नुसतं 'नाव'. कुठलाही आकडा आला की नुसता 'आकडा'. मजकुराच्या मध्येमध्ये माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा ती फोलासारखी फुंकून टाकायची. उरायची ती फक्त चाल. चोरानं सदरा बदलला, मिशी काढली, तरी चाल कुठं बदलतो? मेंता चालीवरनं धरायची. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशा जोड्या ती पहाटेपर्यंत काढून ठेवायची आणि सकाळी शिफेराव त्या बघत बसायचा.

ही नजर त्याची मूळची मेंढ्यांवर तयार झालेली. मेन्झच्या उघड्या पठारावर, जिथं वारा माणसाला आडवं पाडतो आणि सातूशिवाय काही धड पिकत नाही, तिथं त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलं. पाण्यावर तीन वाड्यांचे कळप मिसळायचे. वरून सगळी काळी, सगळी लोकरीची, सगळी बावळट. त्यातनं आपली वेगळी काढायची. बाप लांबनं ओरडायचा, "तोंडं काय बघतोस, गाढवा! चालणं बघ!" पोरगा चालणं बघायला शिकला. पुढं शाळा, पुढं अदिस, पुढं संगणक. बाप गेला, कळप विकला गेला, मागं राहिली ती एवढीच विद्या.

बायको होती. अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत तिचं नाव निघालं आणि ती पुढं गेली. शिफेरावनं मागनं जायचं होतं. सुरवातीला रोज फोन, मग रविवारी, मग सणाला. एका ईस्टरला त्यानं स्वतःच फोन केला, तर पलीकडनं एका पुरुषानं उचलला आणि फार अदबीनं "कोण बोलतंय?" असं विचारलं. शिफेरावनं "चुकून लागला" म्हणून ठेवला. त्यावर तो कुणाशी बोलला नाही, आणि बोलायला तसं कुणी नव्हतंही.

एक हिरुत होती.

हिरुत त्याच कंपनीत, रोग्यांच्या हातात पडणाऱ्या छापील चिठ्ठ्यांचं काम बघायची. चाळिशी ओलांडलेली, नवऱ्याला स्वतःच सोडलेली, कॉलेजात जाणारी एक मुलगी. जीभ अशी की लिंबू न पिळता दूध फाटावं. शिफेरावच्या मेंतानं तिच्याही कितीतरी जोड्या धरल्या होत्या. बाकीचे धरले गेले की तोंड फिरवायचे. ही मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी एत्ये झौदितूच्या, म्हणजे झौदितूमावशीच्या, खानावळीत सरळ त्याच्यासमोर येऊन बसली होती.

"एकटाच जेवतोस? लाज नाही वाटत?"

"कुणी येत नाही बरोबर."

"येईल कसं? तू भाकरीचे तुकडेसुद्धा सारखे आहेत का बघत असशील." तिनं बाही वर केली. "ऐक शिफे. माझी लक्तरं खुशाल काढ, दिवसभर काढ. पण ताटावर कामाचं अवाक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"मग आ कर." आणि तिनं इंजेराच्या, म्हणजे आंबवलेल्या धिरड्याच्या, घडीत शिरोचं तिखट पिठलं भरून भला मोठा घास त्याच्या तोंडात कोंबला. गड्याचे डोळे पाणावले. तिला वाटलं तिखट लागलं.

तेव्हापासून दोघं एका ताटात जेवायचे. एत्ये झौदितू ताट ठेवताना विचारायची नाही, मधोमध ठेवून जायची. बुधवार-शुक्रवार उपासाचं, एरवी जे असेल ते. पोरीच्या परीक्षा, पाण्याची बोंब, मिनीबसवाल्यांची अरेरावी, असलं काहीबाही बोलणं. शिफेरावच्या दिवसात माणसाशी होणारं बोलणं एवढंच. हे ताट होतं म्हणून सकाळ आणि संध्याकाळ तो रेटू शकत होता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

वर्ष संपत आलं की भर पावसात येणाऱ्या नेहासे महिन्यात, फिलसेताचा उपास चालू असताना, कंपनीत नवा साहेब आला. बिस्रात नाव. परदेशात शिकलेला, दाढी कोरलेली, वागायला गोड. त्यानं पहिल्याच बैठकीत शिफेरावला उभं केलं.

"गाशे शिफेराव, तुमच्याएवढं ह्या कोडाला कुणी ओळखत नाही. नव्या वर्षाच्या आत सगळी जुळी निघाली पाहिजेत. घर झाडून सण करायचा, काय?"

वयानं मोठ्या माणसाला 'गाशे' म्हणायची रीत आहे, पण शिफेरावला इतक्या लोकांसमोर इतक्या मानानं कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं.

त्या आठवड्यात मेंतानं एक जोडी काढली. दोन्ही तुकडे हिरुतच्या हातचे. रोग्याची पाळी कधीची, ती वेळ लिहून द्यायचं काम. एक तुकडा नर्सबायांच्या पडद्यासाठी, दुसरा रोग्याच्या चिठ्ठीसाठी. ओळीला ओळ, चालीला चाल. फरक एकच, पहिल्यात शून्य होतं तिथं दुसऱ्यात सहा.

आता बघा, इथला दिवस उजाडण्यापासून मोजतात. सूर्य वर आल्यावर तासाभरानं एक वाजतो, जगाच्या घड्याळात तेव्हा सात झालेले असतात. संगणक जगाच्या घड्याळानं चालतो, माणूस आपल्या. आठ दिसले की दोन म्हणायचे, अकरा दिसले की पाच. हे वजा करणं इथं कुणी शिकवत नाही आणि कुणाला कळतही नाही आपण करतोय म्हणून. श्वास घेतल्यागत होतं ते.

शिफेरावनं सहाकडं बघितलं. पूर्वी कंपनीचं एक जुनं यंत्र चुकीच्या वेळेवर लावलेलं होतं आणि त्याची भरपाई म्हणून जागोजागी असे सहा खुपसून ठेवले होते. यंत्र सरळ केल्यावर ते सगळे सहा त्यानंच उपटले होते. हा एक राहून गेलेला दिसतो, असं त्याला वाटलं. वर हिरुतची टीप होती, 'हात लावू नका'. असल्या टिपा त्या कोडात पावलोपावली होत्या. ज्याला त्याला आपला गोठा देवघर वाटतो.

दुपारी ताटावर हिरुत घास मोडता मोडता म्हणाली, "चिठ्ठीची जोडी काढलीयस म्हणे."

शिफेराव हसला. "ताटावर काम नाही. तूच म्हणालेलीस."

"हो, पण त्या जोडीला हात लावू नको. ती जोडी नाही."

"मेंता म्हणती जोडी आहे."

"मेंताला काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा बरं कळतंय. तिला पोटची पोरं नाहीत, म्हणून ती कुणाला पाठीशी घालत नाही." हे बोलताना त्याला फार मजा वाटली. उभ्या आयुष्यात तो एवढं लांब चेष्टेनं बोलला नव्हता. हिरुतही हसली, पण अर्धंच. "जेव," म्हणाली. रीत तिचीच होती, मोडायला तिला बरं वाटलं नसावं. आणि शिफेरावला काय वाटलं? ही आपल्या लिखाणाची माया सोडत नाही, असं वाटलं. बाकीचे करतात तसंच हीही करते. तेवढ्यापुरतं त्याला थोडं वाईटही वाटलं.

संध्याकाळच्या आत त्यानं जोडीतला दुसरा तुकडा काढून टाकला आणि दोन्ही कामांना पहिलाच जुंपला. तपासायला म्हणून एक चिठ्ठी पडद्यावर आणली. वेळ होती आठ. शिफेरावनं वाचलं, सकाळचे दोन. पाळीही सकाळी दोनचीच होती. बरोबर. त्यानं खूण केली आणि दिवा मालवला.

आठ बघून दोन वाचलं, आणि आपण ते वाचलं हे त्याला कळलंच नाही.

आजवर तो सहा वजा होऊन चिठ्ठीवर इथलीच वेळ छापून यायची. पहिल्या दिवशी इस्पितळात कुणाच्या ध्यानात आलं नाही. डायलिसिसच्या खोलीत सकाळी दोनला ज्यांची पाळी, त्यांच्या चिठ्ठीवर आठ छापलेले. ते आपल्या आठाला, म्हणजे दुपार कलल्यावर आले. आणि दुपारी आठला ज्यांची पाळी, त्यांच्या चिठ्ठीवर जगाच्या घड्याळातले दोन. ते सकाळीच हजर. अदलाबदल झाली, यंत्रं काही रिकामी राहिली नाहीत. "आज माणसं उलटीसुलटी आली," एवढंच नर्सबाई म्हणाली आणि जो समोर आला त्याला यंत्राखाली घेतलं.

मधल्या पाळीचं मात्र तसं नव्हतं. शहराबाहेरच्या सेंदाफाच्या एत्ये वर्कनेश नावाच्या म्हातारीची पाळी दिवसा पाचला. चिठ्ठीवर अकरा. म्हातारी अकराला आली, तेव्हा सूर्य टेकायला आलेला आणि खोलीला कुलूप लागत होतं. रखवालदारानं चिठ्ठी बघितली, म्हणाला, "बाई, उद्या." ती शेवटच्या मिनीबसनं परत गेली. दुसऱ्या दिवशी तिला लेकानं पाठीवर घालून आणलं, छातीत पाणी भरलेलं, ओठ निळे.

फोन हिरुतला आला. चिठ्ठी तिच्या कामातली. तिनं ऐकून घेतलं, पडदा उघडला, बघितलं आणि उठून सगळ्यांसमोर शिफेरावच्या खोलीत गेली. बाहेरच्यांना वाटलं आता आकाश फाटणार. पण आतनं काही आवाज आला नाही. त्यानं काढून टाकलेला तुकडा तिनं होता तिथं परत ठेवला, सहासकट, आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"बघायला. तुझं जुळं."

म्हातारी वाचली होती. खाटेवर उशीला टेकून बसली होती, नाकात नळी, आणि आलेल्या प्रत्येकाला तीच हकिगत सांगत होती. कंपनीतनं माणसं आलीत म्हटल्यावर तिला भलतंच बरं वाटलं.

"या बाबा, बसा. म्या म्हनलं, दर वक्ताला पाच असत्यात, ह्या बारीला अकरा कसं? ल्योक म्हनला, आये, इचार. म्या म्हनलं, कागदावर छापलंय त्ये काय खोटं आसंल? शिकल्याली मानसं छापत्यात. त्यास्नी काय आपल्यागत वाटंल त्ये लिव्हायचं आसतंय व्हय?"

शिफेराव उभाच होता. "चूक झाली, एत्ये," तो म्हणाला.

"कुनाची?"

"माझी."

म्हातारीनं त्याला खालनं वर न्याहाळलं. "तू बी आमच्यासारकाच दिसतोस की," ती म्हणाली. "मंग तुला घड्याळ कळंना व्हय?" आणि खोकला आला म्हणून तिनं तोंड फिरवलं.

बाहेर फाटकाशी मिनीबसची वाट बघत दोघं उभे राहिले. पावसानं रस्ता राड झालेला. शिफेराव म्हणाला, "मी बिस्रातला सांगतो. मेंतात बदल करतो. आकडा वेगळा असंल तर जोडी धरायची नाही, असं—"

"कर."

"तुझी टीप बघितली होती मी. कारण लिहिलं नव्हतंस."

"ताटावर सांगितलं होतं."

"हसून सांगितलंस."

"तू हसत होतास, म्हणून." ती रस्त्याकडंच बघत होती. "शिफे, मी महिनाभर इथल्या चिठ्ठीच्या खिडकीशी बसून हे लिहिलंय. कुणाला काय कळतं, कुणाला नाही, बघत. तुला एवढंच विचारायचं होतं, हिरुत, का? तू मला नाही विचारलंस. चाळणीला विचारलंस."

त्यानं राडीतनं पाय काढून कोरड्यावर ठेवला.

"तुझ्या चाळणीत कुठलंही नाव म्हणजे नुसतं नाव, नाही का? मला आता असं वाटतं, की मीही तशीच. समोर कुणीतरी बसलंय, एवढंच. माझ्या जागी दुसरी बसली असती तरी तुझं जेवण तेवढंच झालं असतं."

शिफेरावला पुष्कळ सांगायचं होतं. त्या पहिल्या घासाचं सांगायचं होतं, आणि फोन उचलणाऱ्या त्या अदबीच्या पुरुषाचं. पण ज्या माणसानं कधी कुणाला काही सांगितलं नाही, त्याला फाटकाशी उभं राहून एकाएकी कसं सुचावं? त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "नाही गं, तसं नाही."

"असंल," ती म्हणाली. मिनीबस आली. आत एकच जागा होती. शिफेरावनं तिला बसवलं.

बिस्रातनं प्रकरण वाढवलं नाही. गोडीनं म्हणाला, "गाशे, चुका होतात. आता जोडी निघाली की लिहिणाऱ्याला विचारत चला." हिरुतनंही वैर धरलं नाही. कोडाबद्दल विचारलं की ती नीट, पुरतं उत्तर द्यायची. दुपारी मात्र मुलीला डबा न्यायचा असायचा, दात दुखायचा, बायकांची भिशी असायची. नवं वर्ष आलं, पिवळ्या फुलांच्या जुड्या घेऊन पोरी दारोदार गायला आल्या आणि गेल्या. एत्ये झौदितू दोन-चार दिवस ताट मधोमध ठेवत राहिली. मग एकदा विचारलं, "ती बया यायची न्हाई का रं आता?" शिफेराव म्हणाला, "काम असतं तिला." एत्ये झौदितूनं ताट त्याच्याकडं सरकवलं.

सणानंतर मेंतानं एक नवी जोडी काढली. लिहिणारा अबायनेह, चांगला पोराबाळांचा बाप, जिन्यातल्या हसण्यात ज्याचा आवाज सगळ्यात मोठा असायचा तो. शिफेरावनं जोडी बघितली. चाल तीच, आकडेही तेच. तरी तो उठला, मजला चढून गेला. कॉफीची दुसरी धार चालू होती. बोलणी गार पडली. तो अबायनेहच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"हे दोन्ही तुझेच आहेत. मला सांग, दोन का केलेस?"

अबायनेहनं आजूबाजूला बघितलं. त्याचा रंग उतरला. "चुकलंच, गाशे. कॉपीच केलंय. तुम्ही काढून टाका."

"तसं नव्हे. धरायला आलो नाही. काही कारण असंल तर—"

"कारण कुठलं? घाई होती. काढा तुम्ही, माझं काही म्हणणं नाही."

"नक्की? नीट बघून सांग की."

"बघितलं, गाशे. काढा." त्यानं पडद्यावर बघितलंही नव्हतं. कपाची कड नखानं खरवडत तो वाट बघत होता, हे कधी जातंय त्याची.

शिफेराव आणखी थोडा वेळ उभा राहिला. काहीतरी विचारायचं राहिलंय असं त्याला वाटत होतं, पण ते विचारायचं कसं हे येईना. कॉफीवालीनं त्याच्यासाठी भरलेला कप तसाच ठेवून तो खाली आला, खुर्चीवर बसला आणि त्या जोडीकडं बघत राहिला. दुपारपर्यंत त्यानं ती काढून टाकली नाही, राहू द्यायची खूणही केली नाही.